मृगाला बारा आठवडे असताना: नवख्याने घर आणि अंगण कोणत्या क्रमाने हाती घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळच्या गावात वीस-बावीस वर्षांपूर्वी बांधलेले एक बैठे घर नुकतेच तुमच्या ताब्यात आले आहे. वर सुमारे ६०० चौरस फुटांचा स्लॅब आहे आणि पुढेमागे मिळून जेमतेम अर्धा गुंठा मोकळी जागा आहे. होळी नुकतीच झाली आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत, स्वतःच्या हातांनी काम करण्याची हौस आहे, परंतु अनुभव नाही. घराला बाहेरून रंग, पुढे हिरवळ, गच्चीवर भाजीचे वाफे आणि मागे दोन-तीन फळझाडे अशी यादी तुम्ही केली आहे आणि सुरुवात कोठून करावी असे विचारले आहे.

यादी चांगली आहे, फक्त तिचा क्रम उलटा आहे. बाहेरचा रंग आणि हिरवळ ही दोन्ही कामे मी पावसाळ्यापूर्वीच्या यादीतून काढून टाकीन, गच्चीवरची बाग शेवटी नेईन आणि ज्याचा तुम्ही उल्लेखही केलेला नाही ते काम, म्हणजे पावसाच्या पाण्याची वाट, सर्वांत आधी घेईन. थंड देशांत गोठलेली जमीन वसंतात मोकळी होते, म्हणून तेथे तो लावणीचा हंगाम असतो. आपल्याकडे चैत्र-वैशाख हा मुख्यतः तयारीचा हंगाम आहे. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. मार्चच्या मध्यापासून मोजले तर तुमच्या हाताशी बारा आठवडे आहेत, आणि त्यांतही एप्रिल-मे महिन्यांत वळवाची सर कोणत्या दिवशी येईल याचा नेम नसतो. मी गेली अठ्ठावीस वर्षे घरदुरुस्तीची कामे घेत आलो आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला जे फोन येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ मार्चमध्ये राहून गेलेल्या कामात असते.

पहिल्या रविवारी काहीही विकत आणू नका. एक खडू, एक वही आणि दोन बादल्या पाणी घेऊन सकाळी लवकर गच्चीवर जा. गच्ची झाडून घ्या, पाइपच्या तोंडापासून सर्वांत लांब असलेल्या कोपऱ्यात पाणी ओता आणि ते कोठे जाते ते पाहत उभे राहा. तासाभराने जेथे डबके उरले असेल त्याच्या कडेने खडूने रेघ मारा आणि तोच नकाशा वहीत उतरवा. गच्चीला साधारण शंभरास एक उतार हवा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंचाच्या आसपास. हा उतार डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल-ट्यूब घ्या, तिच्यात बुडबुडा राहणार नाही अशा बेताने पाणी भरा, एक टोक उंच कोपऱ्यात आणि दुसरे पाइपच्या तोंडाशी धरा आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. दोन्ही मापांतील फरक हाच तुमचा उतार. काही शे रुपयांत मिळणाऱ्या या नळीइतके भरवशाचे हत्यार माझ्या पेटीत दुसरे नाही.

त्यानंतर हातोडीच्या दांड्याने गच्चीचा पृष्ठभाग टोकत फिरा. घट्ट भागाचा आवाज भरीव येतो आणि सुटलेल्या भागाचा आवाज मडक्यासारखा पोकळ येतो. पोकळ भागांवरही खडूने फुल्या करा. कठडा आणि गच्ची जेथे मिळतात तो सांधा, पाइपच्या तोंडाभोवतीचा भाग आणि पाण्याच्या टाकीचे पाये या तीन जागा विशेष निरखून पाहा, कारण गळतीचा उगम बहुधा यांपैकीच एका ठिकाणी असतो. कठड्याच्या भेगेत पिंपळाचे किंवा उंबराचे रोप आले असेल तर ते नुसते उपटू नका, कारण वरचा भाग हातात येतो आणि मूळ आत राहून पुढच्या पावसात जोमाने फुटते. भेग छिन्नीने रुंद करून मूळ मिळेल तितके काढावे लागते आणि मगच ती बुजवता येते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. फुल्या केलेला पोकळ भाग आधी छिन्नीने काढून टाका आणि धूळ ब्रशने व पाण्याने स्वच्छ करा. बारीक भेगा इंग्रजी व्ही आकारात अर्धा सेंटिमीटर तरी खोलवर उघडा, कारण केसाएवढ्या भेगेवर वरून माल फासला तर तो आत शिरत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. भेगा पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. कठड्याच्या मुळाशी काटकोन ठेवू नका, तेथे सिमेंट-वाळूची गोलाई करा, जिला आमचे गवंडी वाटा म्हणतात. काटकोनात पाणी थबकते आणि लेपही तेथेच फाटतो. त्यानंतर जलरोधक लेपाचे दोन हात द्यायचे, पहिला एका दिशेने आणि दुसरा त्याच्या काटकोनात. वाट्यावर आणि पाइपच्या तोंडाभोवती दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी दाबून बसवा आणि लेप कठड्यावर निदान फूटभर वर चढवा.

येथे नवख्यांची एक चूक हमखास होते. सिमेंट-आधारित लेपाला खालचा पृष्ठभाग ओलसर, पण वर पाणी साचलेले नाही असा लागतो. निव्वळ ॲक्रिलिक लेपाला तोच पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो. दुकानदार दोन्हींना वॉटरप्रूफिंगच म्हणतो. डबा उघडण्यापूर्वी त्यावरच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि दोन हातांमधील वेळही तेथे दिलेलाच पाळा. काम सकाळी नऊच्या आत उरकावे किंवा उन्हे उतरल्यावर करावे. एप्रिलच्या दुपारी स्लॅबवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि अशा तव्यावर दिलेला लेप मुरण्याआधीच सुकून पापुद्र्यासारखा सुटतो.

सिमेंटच्या कामाला पाणी मारण्याचा आळस उन्हाळ्यात सर्वांत महाग पडतो. भारतीय मानक ४५६ मध्ये काँक्रीट ओले ठेवण्याचा किमान काळ साध्या सिमेंटसाठी ७ दिवस सांगितला आहे, आणि कोरड्या, उष्ण हवेत तो १० दिवसांपेक्षा कमी नसावा असे म्हटले आहे. आज दुकानात मिळणारे बहुतेक सिमेंट राखमिश्रित असते आणि त्यासाठी १४ दिवसांची शिफारस आहे. हा नियम काँक्रीटचा असला तरी कठड्याच्या मुळाशी केलेल्या गोलाईला आणि प्लास्टरच्या ठिगळाला मी तोच लावतो. तुम्ही फक्त शनिवार-रविवारी येणार असाल तर मधल्या दिवसांचे काय करायचे ते काम सुरू करण्यापूर्वीच ठरवा. ओले गोणपाट अंथरून शेजाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायला सांगणे हा सोपा मार्ग आहे. ॲक्रिलिक लेपाला मात्र असे भिजवत ठेवायचे नसते. सिमेंटचे पोते घेताना त्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष पाहा. तीन महिन्यांपेक्षा जुने पोते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. आणि हातमोजे घाला. ओले सिमेंट कातडी भाजते, आणि ते भाजलेले रात्री समजते.

लेप पूर्ण वाळल्यावर परीक्षा घ्यायची. पाइपची तोंडे कापडी बोळ्यांनी बंद करा आणि गच्चीवर उथळ पाणी ४८ तास कोंडून ठेवा. उताराच्या खालच्या टोकाला ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल नसावे, कारण ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो भार होतो. स्लॅबखालून सळई दिसत असेल किंवा काँक्रीटचे पापुद्रे पडत असतील तर ही परीक्षा मुळीच घेऊ नका. त्या स्थितीत आधी अभियंत्याला दाखवावे. कठड्यावर पेन्सिलीने पातळीची खूण करा. दुसऱ्या दिवशी पाणी खाली गेलेले दिसेल आणि तुम्ही घाबराल, कारण उन्हाने किती उडाले आणि स्लॅबने किती प्यायले ते खुणेवरून समजत नाही. त्यासाठी सुरुवातीलाच एक रुंद, न गळणारे प्लास्टिकचे घमेले पाणी भरून गच्चीवरच ठेवा आणि त्याच्या आतही खूण करा. घमेल्यातले पाणी एक सेंटिमीटर उतरले आणि गच्चीवरचेही साधारण तेवढेच उतरले, तर ती उन्हाची करामत. गच्चीवरचे त्यापेक्षा बरेच अधिक उतरले तर कोठेतरी वाट राहिली आहे. दरम्यान खालच्या खोल्यांचे छत सकाळी आणि रात्री बॅटरीच्या तिरक्या उजेडात पाहा. तिरक्या उजेडात ओल लवकर दिसते.

भिंतींकडे वळू. बाहेरचा रंग आत्ता नको म्हणण्याचे कारण असे की नव्या प्लास्टरच्या ठिगळावर रंग देण्यापूर्वी ते सुमारे चार आठवडे वाळू द्यावे लागते, आणि तुमच्या भेगा, छज्जे व खिडक्यांच्या कडा दुरुस्त होईपर्यंत मे महिना उजाडेल. शिवाय यंदाचा पाऊस तुम्हाला या घराविषयी पुष्कळ सांगणार आहे. ते ऐकून दिवाळीच्या आधी रंग दिलात तर तो टिकेल. तूर्त भेगा बुजवून त्यांवर प्रायमर लावला तरी पुरे. पायरीपायरीने चढत गेलेली किंवा तीन मिलिमीटरपेक्षा रुंद भेग दिसली तर ती स्वतः भरू नका. तिच्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी काही आठवड्यांत तडकली तर भेग अजून हलते आहे असे समजून जाणकाराला बोलवा. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडी आत, पाणी तोडणारी खाच आहे का तेही पाहा. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाने सरपटत खिडकीत येते, आणि लोक वर्षानुवर्षे खिडकी बदलत राहतात.

आतल्या भिंतीला ओल असेल तर ती भिंतीतली आहे की हवेतली, हे ठरवण्याची एक युक्ती आहे. दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि दिवसभर ठेवा. दवबिंदू प्लास्टिकच्या आतून आले तर पाणी भिंतीतून येते आहे. भिंतीच्या तळाशी गुडघाभर ओल चढलेली असेल तर बाहेर जाऊन पाहा. दहांतल्या पाच घरांत तेथे कोणीतरी हौसेने भिंतीला लागून जास्वंदीचा वाफा केलेला असतो आणि त्याला रोज पाणी घातले जात असते.

म्हणून अंगणातले पहिले काम लावणीचे नव्हे, उताराचे आहे. भिंतीपासून निदान दोन फूट जागा कोरडी ठेवा, तेथे घरापासून बाहेर उतरता कोबा करा किंवा खडी घाला, आणि जमिनीची पातळी जोत्याच्या बरीच खाली राहील असे पाहा. गच्चीवरून येणारा पाइप जोत्याशीच सोडलेला असेल तर तो लांबवा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने तुमच्या ५६ चौरस मीटरच्या स्लॅबवरून वर्षभरात सुमारे ३९ हजार लिटर पाणी उतरते. ते पायाशी ओतायचे की बागेकडे किंवा टाकीत न्यायचे, हे आत्ता कोरड्या मातीत चर खणताना ठरवणे सोपे आहे. जुलैत चिखलात उभे राहून ते ठरत नाही.

आता झाडे. अर्ध्या गुंठ्यात एक लिंबू, एक कढीपत्ता आणि कुंपणाकडेला एक शेवगा एवढे पुरे. आंब्याचे कलम घ्यायचेच असेल तर भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर सापडते का ते आधी मोजा. खड्डे एप्रिलमध्ये घ्या, दोन-अडीच फूट लांब, रुंद आणि खोल. वरची फूटभर माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका, आणि खड्डे दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. भरण्यापूर्वी एक खड्डा पाण्याने भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर निचरा वाईट आहे, आणि तेथे झाड खड्ड्यात न लावता उंच वरंब्यावर लावावे. मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसले तर जमीन चुनखडीची आहे, आणि अशा जमिनीत लिंबाची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तेथे बाहेरची माती आणण्याची तयारी ठेवा.

खड्डा भरताना वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि अर्धा-एक किलो निंबोळी पेंड एकत्र करून घाला. ‘पूर्ण कुजलेले’ यावर मी मुद्दाम जोर देतो. मुठीत घेतल्यावर जे भुसभुशीत लागते आणि ज्याला मातीचा वास येतो ते खत कुजलेले. शेणाचा वास येतो ते अर्धेकच्चे. अर्ध्याकच्च्या खतातून तणाचे बी आणि हुमणीच्या अळ्या येतात, आणि हुमणी मुळे खाते तेव्हा वर फक्त झाड सुकताना दिसते. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, कारण पहिल्या पावसात तो बसतो. रोप मात्र जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच आणा. मार्चमध्ये रोपवाटिकेत ते कितीही टवटवीत दिसले तरी तेथे त्यावर हिरवी जाळी असते, तुमच्या अंगणात नाही.

हातांना आत्ताच काही उगवल्याचा आनंद हवा असेल तर भेंडी, गवार, काकडी आणि लाल माठ मार्चमध्ये पेरता येतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दोडका, दुधी यांची आळी करा आणि चार कुंड्यांत हळदीचे गड्डे लावा. बोट दोन पेरे मातीत घालून पाहा आणि कोरडे लागले तरच पाणी द्या, तेही सकाळी. शेजारपाजारची वाळलेली पाने या दिवसांत पोत्यांनी मिळतात आणि बहुतेक लोक ती जाळतात. ती मागून आणा आणि वाफ्यांवर चार बोटे जाड आच्छादन करा. उरलेली छिद्रे पाडलेल्या ड्रममध्ये स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याबरोबर थर देऊन कुजवा. हिरवळीचा विचार पुढच्या वर्षी करा. एप्रिलच्या उन्हात लावलेली हिरवळ पाण्याच्या टँकरवर जगते.

गच्चीवरच्या वाफ्यांविषयी मी अधिक कठोर आहे, कारण ही चूक मी स्वतःच्या घरी केली आहे. नव्या गच्चीवर कठड्याच्या आत विटांची एक ओळ रचून मी थेट स्लॅबवर फूटभर माती भरली, वांगी-टोमॅटो भरपूर आले, आणि तिसऱ्या पावसाळ्यात माजघराच्या छतावर ओलीचा डाग उमटला. माती काढली तेव्हा मुळे कोब्याच्या भेगांत शिरलेली होती. ओलीपेक्षा मोठी गोष्ट वजनाची आहे, आणि ती मला त्या वेळी ठाऊक असूनही मी हिशेबात धरली नव्हती. वापरत्या गच्चीसाठी मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो असतो. भिजलेली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते, म्हणजे फूटभर खोल वाफा दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास जातो. तुमचा स्लॅब वीस वर्षे जुना आहे. सलग वाफा करू नका. पालापाचोळ्याचे खत, कोकोपीट आणि थोडीच माती अशा हलक्या मिश्रणाच्या कुंड्या किंवा पिशव्या ठेवा, त्याही खाली भिंत किंवा तुळई आहे अशा कडांवर, आणि विटांच्या तुकड्यांवर उचलून, म्हणजे त्यांच्या खालून पाणी वाहील आणि झाडूही फिरेल. मधला भाग मोकळा ठेवा. हेही गच्चीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर.

दोन बारीक कामे मे संपण्यापूर्वी उरका. चौकटींवर आणि जोत्यावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. नळ्या नुसत्या पुसून उपयोग नाही, परवानाधारक माणसाकडून प्रक्रिया करून घ्या. आणि बागेतला दिवा किंवा पंप जोडण्यापूर्वी घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्या. हे काम हौसेचे नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी पाइपच्या तोंडांना जाळ्या बसवा, चरातील पाने काढा आणि पहिल्या दिवशी केलेला गच्चीचा नकाशा वहीतून पुन्हा काढा. वळवाची पहिली सर आली की पाऊस थांबण्याची वाट न पाहता छत्री घेऊन वर जा, पाणी कोठे थबकते ते पाहा आणि ते त्याच नकाशावर वेगळ्या रंगाने उतरवा. त्या वेळी काढलेला फोटो आणि वहीचे पान मला पाठवलेत, तर दिवाळीआधीच्या रंगाचे आपण त्यावरूनच बोलू.